फुलीपाशी सही

ऑपरेशन थिएटरबाहेर नर्सने संमतीपत्र पुढे केलं. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारलेली होती. मी कायद्याची प्राध्यापक. रुग्णाची संमती हाच माझा विषय. ‘मला सर्व माहिती माझ्या भाषेत समजावून सांगितली आहे’ हे त्यातलं वाक्य सरकारी समितीत भांडून मीच घालायला लावलेलं.

“मॅडम, लवकर करा, डॉक्टर थांबलेत,” नर्स म्हणाली. नवऱ्याला आत नेलं होतं. कुणी काही समजावलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. वर्गात तास तास पुरणारा ‘संमती’ हा शब्द इथे त्या फुलीएवढा उरला होता. मी सही केली.

शेजारच्या बाकावर तसाच कागद घेऊन बसलेल्या बाई अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाल्या, “ताई, काय लिहिलंय हो यात?”

वाक्य मला पाठ होतं. मी पेन नर्सला परत दिलं.