आमच्या इंजिनातली नदी

हे किस्से घडले तसे मला आठवतात, की सांगून सांगून तसे झालेत, याची खात्री मी देत नाही. गणित शिकवण्यात जन्म गेला, तरी साधी बेरीजही दोनदा तपासतो. पण गोव्यात डिचोलीच्या एका खोलीत तीन माणसं आणि एक कॉम्प्युटर कोंडला, त्यात वरचेवर वीज गेली, की दुसरं काय साचणार? किस्सेच!

खोली सुहासची, तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मंदा कोरगावची, चित्रकलेची शिक्षिका. तिसरा मी, नुकताच निवृत्त. गेममधलं ऊन, झाडं, पाणी पडद्यावर उमटवणारं एक ग्राफिक्स इंजिन होतं, ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारून पाठवावा. ते सांभाळणारे परदेशातले लोक, पटलं तर घेत. त्यांच्यासाठी आम्ही एक वाहती नदी करत होतो.

*

सुहासचे वडील, आबा, जन्मभर नदीतल्या मालवाहू बार्जवर लोहखनिज वाहून थकलेले. गुडघे गेल्यामुळे घरातच असत. एकदा त्यांनी विचारलं, “तुमका पगार कोण देता?”

“कोण नाय, आबा.”

“मगे येळेर येतास कशाक?”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो!

*

मंदाने नदीकाठी काजू लावला. परदेशातून मेल आली: झाड वाकडं उगवतंय, कोडमध्ये चूक दिसते.

मंदा म्हणाली, “सर, त्यांना विचारा, सरळ काजू बघितला कुठे?”

*

लाटांचं समीकरण माझं. ‘बहुधा बरोबर’, ‘कृपया पडताळावे’, ‘चूक असल्यास क्षमस्व’ असं सगळं लिहून ते पाठवलं.

उत्तर आलं: “समीकरण बरोबर आहे. प्राध्यापकांना धीर द्या.”

*

नदी पूर्ण झाली. सुहास म्हणाला, “आबा, तुमची न्हंय आता जगभर दिसतली.” त्यानंतर आबा रोज त्या नदीबद्दल विचारू लागले, “घेतली काय रे?”

उत्तर आलं: काम सुंदर आहे, पण नदीत रक्त कशाला?

खाणींची माती उतरून लाल झालेलं पाणी आम्ही लहानपणापासून बघत होतो. कित्येक महिने तो रंग जुळवला, हुबेहूब जमला म्हणून पेढेही खाल्ले. नदीचं पाणी लाल नसतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

रंग निळा करणं कोडच्या एका ओळीचं काम. सुहासने केलं आणि आबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“बरी आसा,” ते म्हणाले. “खंयची?”

निळी नदी कुठची म्हणून सांगणार? सुहासने ती ओळ पुसली. गावच्या पुलावरून काढलेला आमच्या नदीचा फोटो जोडून लाल नदीच परत पाठवली.

उत्तर आलं नाही. आबा विचारत राहिले. चतुर्थीच्या आधी ते गेले. मग सुहास बंगळुरूला नोकरीला लागला, मंदाची वाळपईला बदली झाली. मी मात्र शंका काढत बसलो: निळीच पाठवायला हवी होती का?

कित्येक वर्षांनी धीर करून मी ते इंजिन उतरवून घेतलं. त्यातल्या नमुन्यांत नदी होती. वाकड्या काजूखालून वाहणारी. लाल.

तरीही तोच रंग ना, म्हणून पुलावर जाऊन ताडून पाहिलं. खाणी बंद होऊन बराच काळ लोटला होता. चष्मा पुसून पुन्हा वाकलो. पाणी निवळशंख होतं. तळातले गोटे दिसत होते.