विहिरीचा अर्ज

माझ्या अक्षराचं कौतुक आता कुणी करू नये, मला राग येतो. माहेर पुण्यात कर्वेनगरचं, कॉलेजची दोन वर्षं झालेली, आणि लग्न होऊन आले ती हडपसरपलीकडे मांजरी गावात, उसाच्या मळ्यात. वस्तीवर कुणाला अर्ज लिहायचा असला की बायका माझ्याकडे यायच्या. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

वस्तीवरच्या नऊ घरांत मिळून एक विहीर होती. पुरुष एकेक करून कारखान्यात, टेम्पोवर, नव्या बांधकामांवर जायला लागले आणि शेत बायकांच्या गळ्यात पडलं. तरी शिरगणतीला कुणी आलं की आमचे हेसुद्धा सांगायचे, बायको घरीच असते. विहीर गाळाने अर्धी भरली होती. त्यासाठी पुरुषांच्या बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, आणि गाळ होता तिथेच राहायचा.

शेवटी एका उन्हाळ्यात बायकांनीच तो काढला. पुढाकार माझ्या थोरल्या चुलत जावेचा. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जमिनीच्या थोड्याशा तुकड्यात मेथी-कोथिंबीर लावायची, हडपसरला नेऊन विकायची, त्यावर तिचं घर चालायचं. तो तुकडासुद्धा कागदावर दिराच्या नावाने. नाव लावा म्हटलं की दीर म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. विहीर आटली तर आपण संपलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पदर खोचून सगळ्यांत आधी तीच खाली उतरली. मीही घमेली ओढली, हाताला फोड आले. पाणी लागलं तर आम्हाला आंघोळीला बोलवा, असं एकजण पारावरून म्हणाला. मदतीला म्हणून पुरुषांचं तेवढंच.

पाणी लागलं. चांगलं पुरुषभर लागलं. मग जावेने पाळ्या लावून दिल्या. पूर्वी ज्याचा ऊस मोठा त्याचं पाणी आधी, असा कारभार होता. ती म्हणाली, भाजीचे वाफे आधी, ऊस मागून, ऊस दोन दिवस थांबतो, मेथी थांबत नाही. ज्यांच्या घरी ऊस होता त्या बायकांनी घरात बोलणी खाल्ली, पण पाळी मोडली नाही. सकाळी फावडं घेऊन पाण्याची दारं धरायला बांधावर नऊच्या नऊ बायका दिसायच्या. दोन उन्हाळे एकही भांडण झालं नाही. आमच्या वस्तीवर हे आक्रीतच होतं.

पुढे कुणी मोडता घालू नये म्हणून पंचायतीत नोंद करायचं ठरलं. अर्ज मी लिहिला. गाळ कुणी काढला, पाळ्या कशा आहेत, सगळं. खाली नऊ जणींची नावं. चौघींच्या सह्या, पाच जणींचे अंगठे. जावेने अंगठा उमटवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

पंचायतीतल्या कारकुनाने अर्ज वाचलासुद्धा नाही, नुसती नावं बघितली. यातल्या एकीच्या तरी नावावर सातबारा आहे का, म्हणाला. नाही ना? मग खातेदारांच्या सह्या आणा, उगाच कागद वाढवू नका. तिथे मी भांडायला हवं होतं. निदान बायकांची यादी सोबत जोडते म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, काम झाल्याशी मतलब. घरी येऊन नवा अर्ज लिहिला: आम्ही खातेदारांनी श्रमदानाने विहिरीचा गाळ काढून वगैरे. वळणदार अक्षरात. आमच्या ह्यांनी सही केली, जावेच्या दिराने केली, आंघोळीवाल्यानेही केली. पहिला कागद मी चुलीत घातला. बायकांना सांगितलं, अर्ज दिला. ते खोटं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग ते दिवस आले. हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उठल्या, कॉम्प्युटरवाल्या पोरांना फ्लॅट हवे झाले, आणि आमच्या बांधावर बिल्डरची गाडी उभी राहायला लागली. त्याला रस्ता हवा होता आणि रस्त्यात विहीर येत होती. ती बुजवायची की नाही हे ठरवायला देवळात बैठक बोलावली. बायकांना बोलावणं नव्हतं, तरी आम्ही सगळ्या गेलो.

जाऊ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत बोलत होती, पण आवाज खणखणीत. म्हणाली, गाळ आम्ही उपसलाय, पंचायतीत आमचा कागद हाय, तो काढा. पुरुषांनी तो पंचायतीतून आधीच आणून ठेवलेला होता. दिराने सावकाश वाचला. एकेक नाव आलं तसा एकेक पुरुष मान डोलावत होता. नावं संपली तरी जाऊ उभीच, अजून पुढे काहीतरी येईल म्हणून.

दिराने कागद माझ्यापुढे धरला. "वहिनी, अक्षर तुमचंच हाय ना?"

"हो," मी म्हणाले.

जाऊ माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. "अगं, मग माझा अंगठा कुठं हाय?"

मी कागदाची घडी घातली आणि दिराला परत दिला.

विहीर एका दिवसात बुजवली. जावेचा तुकडा दिराने विकला, तिला एक खोली दिली आणि फार मोठे उपकार केल्यासारखा गावभर सांगत फिरला. आमच्या उसाच्या जागी इमारती झाल्या, त्यातला एक फ्लॅट आम्हाला मिळाला; जाऊ आता आमच्या समोरच्या इमारतीत भांडी घासते. तिथे टँकरने पाणी येतं. रस्त्यात भेटली की माझी चौकशी करते, गुडघे कसे आहेत विचारते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मध्यंतरी तिला पेन्शनचा फॉर्म भरायचा होता. तो घेऊन ती माझ्या दारावरूनच पुढे गेली, आमच्याच मजल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या नागपूरकडच्या मुलीकडे. ती मुलगी मला लिफ्टपाशी भेटली तेव्हा हसत सांगत होती, काकू, मावशी फार संशयी आहेत हो, फॉर्म तीनदा वाचून घेतला आणि मग अंगठा लावला.