अण्णांचा सुटणारा जोड

अण्णा पहिल्यांदा माझ्या खोलीत आले ते पंखा बघायला, आणि आल्या आल्या माझ्या लॅपटॉपच्या वायरीत त्यांचा पाय अडकला. मी "अहो, अहो" करत उठेपर्यंत वायर लॅपटॉपपासून अलगद सुटून फरशीवर पडली होती. लॅपटॉप जागचा हलला नव्हता आणि अण्णाही पडले नव्हते. त्या चार्जरच्या टोकाला लोहचुंबक होतं, ओढ बसली की ते सुटायचं. मला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. अण्णा मात्र त्या टोकाकडे बघत तसेच उभे राहिले.

"ताई, परत लावा बरं."

मी लावली. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं हळूच ओढली. सुटली. "परत लावा." पुन्हा सुटली. मग ते सरळ मांडी घालून खालीच बसले आणि स्वतःच लावायला आणि ओढायला लागले. माझं काम पडलं होतं, वर पंखा बंद, सोलापूरचा उन्हाळा, आणि हा गृहस्थ माझ्या चार्जरशी खेळतोय. अर्ध्या तासानं उठले, पंखा न बघताच दाराशी गेले आणि म्हणाले, "हे ज्यानं कुणी केलं असंल ना ताई, त्याच्या घरात कोणतरी पडलेलं असणार बघा."

मी मूळची वेळापूरची. सोलापुरात कॉलेजात नोकरी लागली म्हणून भवानी पेठेत अण्णांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. त्यांचं नाव गुरुशांतप्पा, पण पेठेत त्या नावानं विचारलं तर कुणी पत्ता सांगितला नसता. ते लाइट-माइकवाले अण्णा. लग्न, बारसं, गणपती, कुणाचा सत्कार, काहीही असो. दिवे, माइक, भोंगे आणि उभे पंखे अण्णांकडून जायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ते दुपारपर्यंत घामानं पुसलेले, आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. पुतणीच्या साखरपुड्यात नवा शर्ट घातला तेव्हाही टेस्टर होताच. "असू द्या की," म्हणाले, "त्याच्याबिगर मला उघडं उघडं वाटतंय."

घरात कोण पडलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. खाली माजघरात खाटेवर अक्का बसलेल्या असायच्या. अक्का म्हणजे महादेवी, अण्णांच्या पत्नी. गोऱ्या, ठेंगण्या, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलणाऱ्या. रागावल्या की पूर्ण कानडी. खाटेशेजारी एक चकचकीत वॉकर उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेला होता. मी आले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. अक्का चालल्या नाहीत. मनात बसलेली भीती हाडाबरोबर बरी झाली नाही.

पूर्वी दिवेलागणीपर्यंत अक्कांची बैठक दाराच्या उंबऱ्यावर असे. शिलाई करणाऱ्या, यंत्रमागावरून परतणाऱ्या बायका घरी जाताना तिथं थांबत. कुणाशी मराठीत, कुणाशी कानडीत, कुणाशी मोडक्यातोडक्या तेलुगूत अक्का साऱ्या पेठेची खबर घेत. खाटेपासून उंबरा दहा-पंधरा पावलांवर असेल. ती पावलं त्यांना आता पार करवत नव्हती. बायका आत यायच्या, चार शब्द बोलून जायच्या. पण माजघरात बसून बोलणं म्हणजे आजाऱ्याची चौकशी, आणि अक्कांना चौकशीचा मनस्वी तिटकारा होता.

आता त्या पडल्या कशा, ते सांगते. मांडवाच्या धंद्यात वायर सुटणं म्हणजे अब्रू जाणं. ऐन सत्कारात माइक बंद पडला की यजमान सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलतो. म्हणून अण्णा वायरीला टेबलाच्या, खांबाच्या पायाशी एक गाठ मारत. कुणी कितीही ओढो, गाठीपलीकडे ओढ जायची नाही. 'अण्णांची गाठ' म्हणून ती धंद्यात नावाजलेली होती, दुसरे लाइटवाले ती शिकायला यायचे. घरातल्या कूलरलाही अण्णांनी सवयीनं तशीच गाठ मारली. वायर खाटेच्या पायाला बांधून पुढं बोर्डाला नेली. पिठाचा डबा घेऊन येताना अक्कांचा पाय तिच्यात अडकला. दुसऱ्या कुणाच्या घरी प्लग निघून आला असता. इथं वायर सुटली नाही, कूलर हलला नाही, अक्काच पडल्या.

अक्कांनी नवऱ्याला बोल लावला नाही. फक्त दवाखान्यातून घरी आणल्यावर एकदाच, खाटेच्या त्या पायाकडे बघत म्हणाल्या होत्या, "तुमची गाठ लई चांगली."

हे मला अण्णांनीच सांगितलं. सांगताना खिशातला टेस्टर काढून उगाच पुसत होते. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं की ओ ताई," म्हणाले.  मी चहा ठेवला.

माझा चार्जर बघितल्यापासून अण्णांनी घरामागच्या गोडाऊनमध्ये ठाणच मांडलं. फुटक्या भोंग्यांचा ढीग होता, त्यातली लोहचुंबकं काढली. बरेच दिवस ठोकाठोक, मधूनच एखादा फ्यूज उडाल्याचा आवाज आणि अक्कांचा कानडीत उद्धार असं चाललं होतं. शेवटी एक चपटी डबी तयार झाली. डबीचा अर्धा भाग फरशीवर, नाहीतर मांडवाच्या खांबाला घट्ट बसवलेला, वीज त्याच्यात. पण भोकं खोल आणि वर स्प्रिंगचं झाकण. दुसरा अर्धा भाग वायरीच्या टोकाला. दोन्ही लोहचुंबकानं एकमेकांना धरून राहायचे. पाय अडकला की वायरीचा अर्धा निघून यायचा आणि भोकांवर झाकण पडायचं. शॉकही नाही आणि माणूसही उभाच. पाहिजे तेवढं धरायचं आणि पाहिजे तेव्हा सोडायचं हे जमवायला त्यांना फार खटपट करावी लागली. पहिली डबी नुसता पंखा फिरला तरी सुटायची. दुसरी इतकी घट्ट झाली की तपासायला म्हणून पाय अडकवून चालणारे अण्णा स्वतःच तोंडावर आपटले. ओठ सुजवून वर आले आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "दोन लोहचुंबक जास्ती हुते."

डबी जमली तशी अण्णांनी घरच्या आणि धंद्याच्या एकूण एक वायरीला ती लावली. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. टेंभुर्णीला एक गोरज मुहूर्ताचं लग्न होतं, आणि अण्णांनी मला आग्रहानं नेलं होतं. ऐन शेवटच्या मंगलाष्टकाला नवरीचे मामा तिला घेऊन लगबगीनं निघाले आणि वायरीत अडकले. अर्धा मांडव अंधारात, माइक बंद, भटजींचा आवाज एकाएकी बारीक. यजमान अण्णांवर धावून आले.

"अहो अण्णा, सावधानच्या वेळेला अंधार करता व्हय?"

"मामा पडले का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय, पण..."

"नवरी पडली का?"

"न्हाय ओ!"

"मग टाका की अक्षता. दिव्याचं काय, आता लावतो." आणि खरंच, अक्षता पडेपर्यंत दिवे लागले होते. मामांनाच काय झालं ते कळलं नव्हतं. ते अंधारातही भाचीचा हात धरून चालतच राहिले होते.

असे प्रसंग वाढत गेले. एका पुढाऱ्याचं लांबलेलं भाषण मध्येच बंद पडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढा एक प्रसंग सोडला तर अण्णांना बोलणीच बसली. नेहमीची काही गिऱ्हाइकं तुटली. कुठंही दिवा गेला की अण्णांचा पहिला शब्द ठरलेला: "सुटलं? बरं झालं!" मग ते कोण अडकलं होतं ते शोधायचे, त्याचे पाय बघायचे, आणि सगळ्यात शेवटी वायर जोडायचे. मी एकदा चिडून म्हणाले, "अण्णा, धंदा बुडेल अशानं." तर म्हणाले, "सुटलेलं मला जोडता येतंय ताई. मोडलेलं न्हाय येत."

पण ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं ते खाटेवरच होतं. अक्कांचा या सुटणाऱ्या जोडावर काडीचा विश्वास बसला नाही. अण्णा त्यांच्यासमोर वायरीत पाय अडकवून दाखवायचे. एकदा, दोनदा, नाटकातल्यासारखे हातवारे करत. अक्का शेंगा सोलत शांतपणे म्हणायच्या, "गाठीचं बी तुमी असंच सांगत हुता." अण्णांनी घरातल्या वायरीच काढून टाकतो म्हटलं, तेही त्यांना नको होतं. "म्हंजे उन्हाळ्यात शिजून मरायचं? साकु आता," म्हणजे पुरे आता, असं म्हणून त्या पाठ फिरवायच्या.

शेवटी एक तोडगा निघाला. रोज संध्याकाळी अण्णा धंद्यावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि अक्कांच्या दंडाला धरून त्यांना उंबऱ्यापर्यंत न्यायचे. अक्का एका हातानं वॉकर ढकलायच्या आणि नजर सारी फरशीवर, साप शोधावा तशी. बैठक पुन्हा सुरू झाली. पण अण्णा मांडवावर अडकले तर त्या दिवशी उंबरा सुना. मी म्हणायची, चला, मी धरते. अण्णांचा पुतण्या म्हणायचा, काकू, मी नेतो. अक्का मान हलवायच्या. "ह्यांनी धरलं तरच."

त्यात प्रेम किती आणि शिक्षा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांना मात्र त्याचा घोर लागला होता. एकदा जिन्यात भेटले तेव्हा दम लागून पायरीवर बसले होते. छातीत दुखतंय का विचारलं तर हात झटकला. मग म्हणाले, "ती एकटी उंबऱ्यापतुर गेलेली मला बघायची हाय. एकदाच. मी गेल्यावर तिला कोण नेणार हो ताई? ती खाटेवर बसूनच संपंल." मी "काहीतरीच काय बोलता" असं म्हणाले. आपण सगळेच अशा वेळी तेच म्हणतो.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी जेवून गोडाऊनमध्ये खुर्चीवर टेकले आणि उठलेच नाहीत. मांडीवर अर्धवट उघडलेला एक भोंगा होता.

त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून बसतं केलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पहिल्यांदाच न पुसलेले. गळ्यात हार. बायका भजन म्हणत होत्या. उकाडा असह्य होता म्हणून पुतण्यानं गोडाऊनमधून एक उभा पंखा आणून अण्णांच्या बाजूला लावला होता, त्याची वायर खोलीभर आडवी गेली होती. एवढ्या गर्दीत तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

अक्का माजघरात खाटेवर. रडून झालं होतं, नुसत्या बसल्या होत्या. दर्शनाला त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यायचं ठरलं. दोघेतिघे पुढं आले तर अक्कांनी हात वर केला.

"सोडा. मी जाते."

 अक्कांनी वॉकरवरचा टॉवेल काढून खाटेवर ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या.  मी मागं मागं चालले, हात तयार ठेवून. त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. डोळे समोर, अण्णांवर.

आणि वॉकरचा पाय वायरीत गेला. मी ओरडले. भजन थांबलं. खटकन आवाज झाला आणि वायर फरशीवर सैल पडली. पंख्याची पाती हळू हळू होत थांबली. अक्का उभ्या होत्या. वॉकर धरून, सरळ, जागच्या जागी उभ्या.

 अक्कांनी आता खाली बघितलं.

"सुटलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय काकू," पुतण्या म्हणाला.

अक्कांनी वायरीवरची नजर उचलून अण्णांकडे बघितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. अण्णांना म्हणाल्या, आम्हाला नाही. मग उरलेली पावलं चालून गेल्या आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"जोड की बाळ. लई उकडतंय त्यांना."

मी वाकून जोड लावला. अण्णा गेल्याचं रडू मला तोपर्यंत आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. जे बघायचं म्हणून ते जिन्यात बसून बोलले होते ते त्यांच्या डोळ्यांपुढं घडत होतं आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

संध्याकाळी त्यांना न्यायला उचललं. अक्का वॉकर घेऊन मागून निघाल्या. उंबऱ्याशी पोचताच मी न राहवून त्यांच्या दंडाला हात लावायला गेले, जिथं रोज अण्णांचा हात असायचा तिथंच.

"धरू नको," अक्का म्हणाल्या. "त्यांना दिसू दे."