वकिलाने न विचारलेला प्रश्न

ती केस आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. अंगणात फेऱ्या मारतो, चहा मागतो, चहा आला की तसाच ठेवून पुन्हा फिरतो. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, हवालदार होऊन निवृत्त झालो. पण माझा तपास कच्चा आहे, असं मी साहेबांकडूनही कधी ऐकून घेतलं नाही. नावं कुणाची सांगणार नाही.

तेव्हा मी जत तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. दुपारी फोन आला. "वकिलानं धाकट्या भावाच्या डोक्यात पाना घातलाय. बोअरवर. लवकर या." नाव न सांगता फोन ठेवला.

जाऊन बघतो तर मोटर वर काढायची लोखंडी तिवई आडवी पडलेली, तिच्याखाली रक्त, साखळी तुटलेली. जे दिसलं ते पंचनाम्यात घेतलं. भाऊ दवाखान्यात होता. बोअरच्या पाण्यावरून दोघांचं वाकडं आहे, हे गावाला माहीत होतं. शुद्धीवर आल्यावर भावानं जबाब दिला, दादानं मारलं. त्याच्या बायकोनंही तोच दिला, शब्दाला शब्द जुळणारा. बोलताना ती आधी नवऱ्याच्या खाटेकडे बघायची, मग माझ्याकडे. तिच्या मनगटावर जुने वळ होते. ते मी पाहिले, पण जबाबात वळ कुठं लिहायचे?

वकिलाला ठाण्यात आणलं. बसा म्हटलं तर बसला नाही.

"कलम चुकलंय तुमचं, हवालदार."

"आवं वकीलसाहेब, कलमाचं मी बघतो. भावाला का मारलं?"

"मी हात लावला न्हाई. भांडण झालं, मी पाठ फिरवली. मोटर ओढताना साखळी तुटली आन् तिवई त्याच्या डोक्यात बसली."

"बघितलं कुणी?"

त्यानं खिडकीबाहेर नजर वळवली.

"तुमची भावजय हुती न्हवं तिथं?"

"तिला ह्यात ओढू नका."

जामिनावर सुटून तो निघाला तेव्हा मी म्हटलं, "चांगला वकील बघा."

"तालुक्यात माझ्यापेक्षा चांगला कोण हाय? सांगा नाव."

मला हसूही आलं आणि रागही आला. वकिलानं स्वतःची केस स्वतः चालवू नये, हे माझं पहिल्यापासूनचं मत. चिडलेला माणूस उलटतपास घेत नाही, भांडतो.

खटला उभा राहिला. वकील आरोपी आणि तोच आरोपीचा वकील. भावाला आणि गावातल्या एका साक्षीदाराला त्यानं असं सोललं, की सरकारी वकील घाम पुसायला लागले. मग भावजय आली. थोरल्या दिरासमोर कधी आवाज न काढलेली बाई. पदर कपाळाखाली ओढून तिनं न्यायाधीशांकडे तोंड करून साक्ष दिली. आवाज इतका थरथरत होता, की दोन प्रश्नांत खरं बाहेर आलं असतं. नवरा मागच्या बाकावर बसून तिच्याकडे एकटक बघत होता.

वकील उठला. तिच्याकडे बघितलं नाही, मागच्या बाकाकडे बघितलं.

"या साक्षीदाराला प्रश्न नाहीत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, प्रत्यक्ष पाहणारी हीच आहे. विचार करा. दुसरा वकील द्यायचा तर मुदत देतो."

"मुदत नको, साहेब."

मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात गाठलं. आरोपीशी असं बोलू नये, पण राहवलं नाही.

"डोकं फिरलंय का? तुरुंगात जाल. सनद जाईल."

"दुसऱ्या वकिलानं तिला विचारलं असतं, हवालदार. ती खरं बोलली असती. मग संध्याकाळी तिनं जायचं कुठं? त्याच घरात न्हवं?"

मला त्या मनगटावरचे वळ आठवले.

सुट्टीनंतर माझी साक्ष. माझ्यावर मात्र तो तुटून पडला.

"रक्त कुठं होतं?"

"तिवईखाली."

"साखळी?"

"तुटलेली."

"पान्यावर रक्त?"

"नव्हतं."

"मग दोषारोपपत्र कशावरून?"

"जबाबांवरून."

सरकारी वकील डोळे वटारून बघत होते. पण पंचनामा माझा होता. मी जे पाहिलं तेच बोललो.

सुटला तो. पण निकालात निर्दोष असं स्वच्छ आलं नाही, संशयाचा फायदा म्हणून सुटला. भावाला मारून सुटलेला वकील, असं लोक अजून म्हणतात. पक्षकार तुटले. त्या बाईनं एक वाक्य खरं सांगितलं असतं, तर हा डाग राहिला नसता.

धाकटा भाऊ आता राहिला नाही. बाई लेकीकडे असते. म्हणून तर हे लिहितोय. मध्यंतरी वकील बाजारात भेटला. मी म्हटलं, "आता तरी लोकांना खरं सांगा की."

"मेलेल्या भावाला खोटं पाडू व्हय? तुमच्याच जिवाला लय घोर लागलाय. घरी जाऊन निवांत बसा."

वकिलानं स्वतःची केस स्वतः चालवावी का, असं कुणी विचारलं तर मी आजही ठामपणे नको म्हणतो. परका वकील असता तर हा माणूस स्वच्छ सुटला असता. एवढं बोलतो, आणि तेवढ्यात पदर ओढून कोर्टातून नवऱ्याच्या मागं घरी निघालेली ती बाई डोळ्यापुढं येते. मग उठतो आणि अंगणात फेऱ्या घालायला लागतो.