वाकडी भिंत आणि माझी सही

नईम वस्तीतल्या गल्लीतलं ते जुनं घर मी वाचवलं, असं कोणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. वाचवलं कसलं डोंबल! ते पाडायची सोय आधी मीच करून ठेवली होती.

मी ड्राफ्ट्समन. बाईला काय म्हणायचं ते अजून कोणी ठरवलेलं नाही, त्यामुळे माझ्या कार्डावरही ड्राफ्ट्समनच आहे. बाप गावाकडे गवंडी होता. भिंत ओळंब्यातून सूतभर बाहेर गेली तरी स्वतःच्या हाताने उतरवायचा आणि पुन्हा बांधायचा. त्याच्या हाताखाली वाढल्यावर वाकडी भिंत बघवत नाही हो. आणि बहरीनला आल्यावर माझं पहिलंच मोठं काम म्हणजे हे घर. त्याचं मोजमाप घेऊन नकाशा काढायचा होता. तो नकाशा फाइलला लागला की घर संरक्षित वास्तूंच्या यादीत जाणार आणि कोणी त्याला हात लावू शकणार नाही.

बाल्कनीला लोखंडी नक्षीचा कठडा होता म्हणून आमच्या ऑफिसात त्याला ‘व्हिक्टोरियन हाऊस’ म्हणायचे. बाकी सगळं इथलंच. भिंती समुद्रातून काढलेल्या दगडाच्या, छताला खारफुटीचे वासे, दारांवर रंगीत काचांच्या कमानी. खाली एक रिटायर झालेल्या शिक्षिका एकट्या राहायच्या, घर त्यांचंच. हातात चहा ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “आराम से नापो, उख्ती.” उख्ती म्हणजे बहीण.

मापं मी इमानदारीने घेतली. खोलीच्या चार भिंती तर मोजल्याच, शिवाय कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं घेतली. खोली चौरस असली तर ती सारखी येतात. इथे एक माप दुसऱ्यापेक्षा चांगलं वीतभर जास्त आलं. माझ्या वहीत पेन्सिलने तसं लिहिलेलं आहे. पण ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर ती वाकडी खोली बघितली आणि मला लाज वाटली, जणू माझाच हात वाकडा. रेष सरळ ठेवायची एक कळ असते. ती दाबली आणि अख्खं घर काटकोनात बसवलं. साहेब खूश झाले. “क्या साफ ड्रॉइंग है!” मीही आठवडाभर मिरवलं.

मागच्या वर्षी शेजारच्या जागेवर पार्किंग करायचं ठरलं आणि कोणाची तरी नजर त्या घरावर गेली. नवीन सर्व्हे झाला, लेझरवाला. त्यांनी आपली मापं माझ्या नकाशावर ठेवली आणि रिपोर्ट लिहिला: भिंती वीतभर सरकल्या, घर धोकादायक, यादीतून काढून पाडावं. मूळ नकाशा आमचा, म्हणून तो रिपोर्ट सहीला माझ्याच टेबलावर आला.

तो मी दोनदा वाचला. अगं बाई, भिंत कुठे सरकली? सरकवली मी!

“साइन करो, खलास,” साहेब म्हणाले. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. असं लेखी दिलं तर ऑफिसच्या प्रत्येक नकाशावर लोक बोट ठेवतील, म्हणाले. आणि पुढच्याच महिन्यात माझा व्हिसा रिन्यूला होता, त्याचीही आठवण करून दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अच्छा, कॉम्प्युटर की गलती लिखो.”

कॉम्प्युटरची! मी सांगितलं तेच त्या बिचाऱ्याने केलं होतं. मी सही न करता उठले.

घरी नवरा कपाळाला हात लावून बसला. मुलीची बारावी तोंडावर होती. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “आई, जस्ट टेल देम.” नवरा तिच्यावर ओरडला. मी नाही ओरडले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून जुनी वही घेतली आणि त्या घरी गेले. बाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा दगड झाला. “मेरा घर तुमने गिराया?” मी मान खाली घातली नाही. “अभी गिरा नहीं,” म्हटलं, “टेप का दूसरा सिरा पकडो.” आम्ही दोघींनी खोली खोली मोजली. तिरकी मापं वहीतल्या मापांशी बोटभरसुद्धा चुकली नाहीत.

रिपोर्टवर माझी सही नाही म्हटल्यावर यादीचं काम बघणारे अधिकारी घर बघायला आले, साहेबही आले. मी वही उघडून समोर धरली आणि त्यांच्यादेखत पुन्हा टेप लावला. अधिकाऱ्यांनी विचारलं, “म्हणजे तुमचा नकाशा चुकीचा?”

“शंभर टक्के चुकीचा. घर जन्मापासून वाकडं आहे आणि तसंच उभं आहे. लबाडी माझ्या रेषेने केली.”

साहेब चपला बघत होते. अधिकारी म्हणाले, जुना नकाशा फाइलमधून काढून टाकू. मी नको म्हटलं. राहू दे, त्यावर ‘चूक’ लिहा आणि खाली मला सही करू द्या. उद्या आणखी कोणी तोच कागद दाखवून घर पाडायला आलं तर?

घर यादीत राहिलं. माझा व्हिसा त्या ऑफिसने रिन्यू केला नाही. आता बुसैतीनला एका सुताराच्या वर्कशॉपमध्ये किचनच्या कपाटांची ड्रॉइंग काढते. पगार कमी, राहते त्या झिंजहून रोजचं जाणं-येणं. शुक्रवारी बुद्धवंदनेला ओळखीचे लोक जमतात आणि हळूच विचारतात, काय मिळालं गं एवढं करून? सुरुवातीला मी उत्तरं द्यायचे. आता म्हणते, नईमला जा, चौथं दार वाजवा, बाई घरात आहेत, त्या उघडतील.