ओटच्या दुधाचा कप

डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणत, आणि त्यात टिंगल कमी, धाक जास्त होता. सव्वीस वर्षं ती दूध तपासायच्या टेबलापाशी उभी होती. कॅन आला की झाकण उघडायचं, आधी झाकणाची आतली बाजू हुंगायची, मग घोटभर दूध तोंडात घोळवून थुंकायचं. आकडे मशीन सांगे, पण गाय काय खाऊन आली आणि कॅन धुतला होता की नुसताच विसळला होता, हे नाकबाई सांगे. ती नाही म्हणाली की कॅन परत. गाडीवाले तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे, पण कॅन उचलायचे.

एकदाच तसं झालं नाही. कासेला सूज आलेल्या गाईचं दूध होतं, खारट, रक्ताचा पुसट वास असलेलं. ती नाही म्हणाली. नवे साहेब म्हणाले, "अहो बाई, एवढ्या दुधात एक कॅन, कुणाला कळतंय?" आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो टाकीत ओतायला लावला. त्या दिवशी तिने दूध सोडलं. चहातलं, दह्यातलं, लोणी, सगळंच. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, दूध सोडणं तिच्या हातात होतं.

घरात मात्र त्याचा तमाशा झाला. नवऱ्याने सिगरेट सोडली तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती. हिने दूध सोडलं तर जो तो कारण मागणार, आणि कारण सांगितलं की "इतकं काय मनाला लावून घ्यायचं" म्हणणार. धाकटा दीर तर दर रविवारी बायकोला घेऊन यायचा आणि दारातूनच विचारायचा, "काय वहिनी, आज कुठलं गवत?" त्यावर नवरा हसायचा. दर रविवारी, त्याच विनोदावर.

तिला दुधाच्या कशाचीच उणीव भासत नसे, एक हॉट चॉकलेट सोडून. रविवारी दुपारचा तो एक कप तिचा होता. डॉक्टरांनी साखरेवरही बोट ठेवलेलं, म्हणून तिने दोन्ही बाजूंनी कंबर कसली. पहिल्यांदा ओट रात्रभर भिजवले आणि फडक्यातून पिळपिळ पिळले, तर अगदी शेंबूड झाला. मग कळलं, ओट थंड पाण्यात जेमतेम भिजवायचे, मिक्सरमध्ये भर्रकन फिरवायचे आणि पिळायचं बिलकूल नाही, गळेल तेवढंच घ्यायचं. साखरेऐवजी खजूर वाटून. कोको आधी दोन चमचे कोमट पाण्यात घोटायचा, नाहीतर गुठळ्या जन्मभर फुटत नाहीत. दाटपणाला चमचाभर बदामाचं वाटण, चिमूटभर मीठ, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. सहा रविवार गेले यात. सातव्या रविवारी ती घोट घेऊन गप्प बसली, कारण तिच्या जिभेला नाव ठेवायला काही सापडलं नाही.

इतरांवर तिने ते कधीच लादलं नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या भांड्यात साध्या दुधाचं, साखरेचं करायची. हेही तिनेच करायचं, बरं का.

दूध सोडून चार वर्षं झाली होती. अशाच एका रविवारी तिने दोन्ही भांडी उतरवली, कप भरले, तेवढ्यात शेजारीण किल्ली मागायला आली. नाकबाई दाराशी गेली. दीर म्हणाला, "वहिनी, मी नेतो कप." ती परत आली तर सगळे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसलेले आणि तिचा कप तिच्या जागेवर. जाऊ ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती.

तिने कप उचलला आणि नाकाखाली धरला. ओठ लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

"कालचं दूध आहे," ती म्हणाली. "दोनदा तापवलेलं."

दीर टाळ्या पिटत उठला. "बघ दादा! म्हटलं नव्हतं? मान गये वहिनी! तुमचा तो काढा ओतला बेसिनमध्ये, वाईट वाटून घेऊ नका." जाऊ म्हणाली, "ताई, गंमत हो नुसती." सगळे तिच्या नाकाचं कौतुक करत होते. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. ती नाही म्हणाली होती, चार वर्षं म्हणत होती, आणि या लोकांना त्यात फक्त एक खेळ दिसला होता.

तिने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तुला कळणारच होतं," नवरा म्हणाला. "म्हणून म्हटलं, असू दे."

"आणि कळलं नसतं तर? प्यायच्या आधी सांगितलं असतं?"

खोलीतलं हसू आटलं. दीर "चल गं, निघू या" म्हणत चपला शोधायला लागला. ती तिथेच उभी राहिली. दिराचा राग तिला आला होता, पण तो चार दिवसांत गेलाही असता. नवरा हो म्हणाला असता, अगदी खोटं म्हणाला असता, तरी तिने ते ऐकून घेतलं असतं. तो खाली मान घालून कपात चमचा फिरवत राहिला.