दोघींचं सुतक

नवरा मला सोडून गेला आणि माझ्या सासूबाई भिंतीकडे तोंड करून जेवायला लागल्या. ताट घेऊन कोपऱ्यात बसायच्या, माझ्याकडे पाठ करून. "आई, इकडे वळा ना," म्हटलं की म्हणायच्या, "जेव तू बाय. माजं चाललंय." त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या आठवल्या की आधी ती वाकलेली पाठच दिसते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडची, वाशीला एका ऑफिसात टायपिस्ट. प्रकाश सारसोळ्याचा कोळी, तळोज्याच्या कंपनीत कामाला. आम्ही आमच्या मनाने लग्न केलं, म्हणून वडिलांनी मला घराचं दार बंद केलं. सासूबाईंनी मात्र मला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं. सासरे नव्हते. त्या नेरूळच्या बाजारात पाटी घेऊन बसत. मासळी ताजी आहे का असं कुणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "खाडी रोज ताजी हाय. शिळा होतो तो मानूस."

हे वाक्य त्यांच्या मुलाच्याच बाबतीत खरं ठरलं. कंपनीतल्या एका मुलीबरोबर तो नावड्याला राहायला गेला. सासूबाई तिथे जाऊन, आपल्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं त्याला बजावून आल्या. त्यानंतर त्यांनी बाजारातली आपली जागा सोडली. शेजारणी त्याची चौकशी करतील म्हणून पार टोकाला, भिंतीच्या आडोशाला बसू लागल्या. लग्नाकार्यांना जाणं थांबवलं. माझ्याकडे बोट दाखवून कुणी ही कोण म्हणून विचारलं, तर पूर्वी सांगायच्या, "आमच्या प्रकाशची बायको." आता नुसतंच म्हणायच्या, "माजी हाय."

मला लाज होती ती वेगळीच. माहेरी कोणत्या तोंडाने जायचं, ही तर होतीच. पण त्याहून मोठी लाज अशी, की मला त्याची आठवण यायची. जिन्यावर पावलं वाजली की मी कान द्यायची. हे मी कुणालाच सांगू शकत नव्हते, सासूबाईंना तर नाहीच.

मग एका सकाळी नावड्याहून माणूस आला. प्रकाश कावीळ होऊन गेला होता. सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्या उठल्या, मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. बाहेर आल्या त्या लुगडं नीट करूनच. "चल," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. टाकलेली बायको रडायला आली, असं लोक म्हणतील. त्या एकट्याच गेल्या.

संध्याकाळी परतल्या आणि सरळ माझ्या समोर येऊन बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड मला जवळून दिसलं. त्या मुलीबद्दल मी विचारलं, तर म्हणाल्या की ती तुझ्याहून लहान आहे, फार भ्यालेली होती. मग माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"रडली नाय तू?"

"लाज वाटते, आई. सोडून गेलेल्या माणसासाठी कशी रडू?"

"मला नाय वाटत? माज्याच पोरानं माजं तोंड काळं केलं, आनि मी तितं त्याचेच पाय धरून रडले." त्यांनी माझा हात ओढून घेतला. "लाज हाय ती असू दे. तू रड."

मी रडले. त्याही रडल्या. आमच्या दोघींच्याही मनात तोच माणूस होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा उघड झालं.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका आल्या. टाकलेलीला कसलं आलंय सुतक, असं एक जण बोलली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "सुतक माज्या घराला हाय. ती माज्या घरात हाय." ते दिवस आम्ही दोघींनी मिळून पाळले. एकाच चटईवर, एकमेकींच्या समोर बसून जेवलो.

बातमी कळून माझे वडील आले. इतक्या वर्षांनी आले, तरी उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, चल घरी. सासूबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. स्वतः खाली बसल्या आणि मान खाली घालूनच बोलल्या.

"तुमच्या पोरीला माज्या पोरानं उघड्यावर टाकलं. मी काय बोलावं? तुमी न्या तिला. पन ती रडते ती माज्याकडं बघून. तुमच्याकडं कुनाकडं बघून रडंल?"

वडिलांनी चहा संपवला. मी पदराशी चाळा करत उभी होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यात ये. यांनाही घेऊन ये."

उन्हाळ्यात आम्ही दोघी गेलो. सासूबाई ओट्याच्या पायरीवरच बसल्या, काही केल्या आत येईनात. "मी कोनत्या तोंडानं येऊ?" म्हणाल्या. माझी आई बाहेर आली. वडिलांच्या धाकाने तिने इतक्या वर्षांत माझी विचारपूसही केली नव्हती, त्यामुळे तिलाही मान वर करवत नव्हती. ती जराशी घुटमळली, आणि मग सासूबाईंच्या शेजारी त्याच पायरीवर बसली.

मी आत जाऊन पाणी घेऊन आले. दोघी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मला बघून दोघीही जराशा बाजूला सरकल्या, आणि मध्ये माझ्यासाठी जागा झाली.